आवाजाचा दाखला

चरित्रकोशाच्या नोंदी तपासण्याचे जे काम माझ्याकडे असते, त्यात ग्रंथकार, मुत्सद्दी आणि संस्थानिक यांच्या नोंदींपेक्षा निवेदकांच्या नोंदी मला नेहमीच अधिक कठीण वाटत आल्या आहेत. कारण ग्रंथकाराचा ग्रंथ कपाटात असतो, मुत्सद्द्याचा खलिता दप्तरात सापडतो, परंतु ज्याचे सारे कर्तृत्व ध्वनिक्षेपकासमोर उच्चारले गेले आणि त्याच क्षणी हवेत विरले, त्याच्या आयुष्याचा दाखला बहुधा श्रोत्यांच्या स्मरणातच उरतो. आकाशवाणीवरील हिंदी धावत्या वर्णनाला ज्यांनी देशभर प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या जसदेवसिंग यांच्या नोंदीचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा त्यातील बहुतेक वाक्ये अशाच स्मरणावर उभी होती. ते स्मरण प्रेमाचे होते, हीच त्यातील खरी अडचण. द्वेषाने लिहिलेला मजकूर वाचताना तपासनीस आपोआप सावध असतो. प्रेमाने लिहिलेल्या मजकुरापुढे त्याची लेखणी नमते, आणि तेथेच अधिक निग्रहाची गरज असते.

मसुदा हाती येताच त्याची वाक्ये मोडून एकेक विधान वेगळे करावे आणि प्रत्येक विधानासमोर त्याचा स्वतंत्र पुरावा मांडावा, असा माझा शिरस्ता आहे. वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या पहिल्याच वाक्यात अनेकदा दोनतीन विधाने दडलेली असतात. ‘१९३१ साली राजस्थानात जन्म’ हे त्याचे उदाहरण. २५ सप्टेंबर २०१८ रोजी जसदेवसिंग यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचे वय ८७ दिले. पण केवळ वयावरून जन्माचे साल निश्चित होत नाही, १९३० अखेरचे काही महिनेही त्यात बसतात. जन्मगाव बौंली, ते आज सवाई माधोपूर जिल्ह्यात आहे, परंतु त्या काळी तो मुलूख जयपूर संस्थानाचा होता आणि राजस्थान नावाचे राज्य अस्तित्वात आलेले नव्हते. कोशात म्हणून ‘जयपूर संस्थानातील बौंली, सध्या राजस्थान’ असेच लिहावे लागते.

निधनवार्ता हा पुरावा म्हणून किती वजनाचा, याविषयी वाचकांचा फार गैरसमज असतो. वीस वृत्तपत्रांत तीच माहिती छापून आली म्हणजे वीस साक्षीदार मिळाले, असे त्यांना वाटते. वास्तविक ती बहुतेक वेळा एकाच वृत्तसंस्थेची एकच तार असते आणि संपादकाने मथळा तेवढा बदललेला असतो. तिच्यातील शब्दयोजना शेजारी शेजारी ठेवून पाहिली की ही गोष्ट लगेच ध्यानात येते, आणि मग वीस कात्रणांची किंमत एका कात्रणाएवढी उरते. शीख नावांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. कुळाचे नाव न लावण्याची परंपरा अनेकजण पाळत असल्यामुळे एकाच नावाच्या भिन्न व्यक्ती सूचीत एकत्र येतात. म्हणून नावापेक्षा व्यवसाय, गाव आणि साल यांची तिहेरी जुळणी झाल्यावाचून कोणतेही कात्रण त्या व्यक्तीच्या फायलीत ठेवू नये.

सन्मानांची शहानिशा सर्वांत सोपी. १९८५ ची पद्मश्री आणि २००८ ची पद्मभूषण ही दोन्ही सरकारी यादीत आहेत, तेथे वादाला जागा नाही. पण ऑलिम्पिक ऑर्डरपाशी थांबावे लागले. ‘ऑलिम्पिक चळवळीचा सर्वोच्च सन्मान’ असे तिचे वर्णन मसुद्यात होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या सन्मानाच्या आरंभी सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा तीन श्रेणी होत्या आणि त्यांपैकी कांस्य श्रेणी १९८४ मध्ये बंद करण्यात आली. तेव्हा श्रेणी सांगितल्याखेरीज ‘सर्वोच्च’ या विशेषणाला अर्थ राहत नाही. विशेषण काढले, सन्मान ठेवला. त्यामुळे जसदेवसिंग यांचे मोठेपण रतिभरही कमी झाले नाही.

‘नऊ ऑलिम्पिक’ हा आकडा सर्वत्र आढळतो. मसुद्याने त्याचा आरंभ हेलसिंकीपासून धरला होता. हेलसिंकीचे ऑलिम्पिक १९५२ चे, आणि जसदेवसिंग आकाशवाणीच्या जयपूर केंद्रात आले १९५५ मध्ये. सनावळी शेजारी मांडताच ते विधान गळून पडले. उलट १९६८ च्या मेक्सिकोपासून २००० च्या सिडनीपर्यंत मोजले तर बरोबर नऊ भरतात. हा हिशेब जुळतो म्हणून मन सुखावते खरे, पण जुळणारा हिशेब आणि सिद्ध झालेली घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या त्या वर्षीच्या वृत्तपत्रातून प्रत्येक उपस्थितीचा उल्लेख काढल्यावरच आकडा कोशात जावा.

‘१९६३ पासून दूरदर्शनवर प्रजासत्ताक दिनाचे वर्णन’ या वाक्यातील दोष वेगळ्या जातीचा होता. दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, पण ती आकाशवाणीचाच एक विभाग होती. दूरदर्शन हे स्वतंत्र खाते झाले १९७६ मध्ये. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे, आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसू लागला तो १५ ऑगस्ट १९८२ पासून. महाराष्ट्रातील जे वृद्ध श्रोते साठीच्या दशकातील संचलन जसदेवसिंग यांच्या वर्णनासह ‘पाहिल्याचे’ सांगतात, त्यांनी ते ऐकलेले असते. पुढच्या काळातील चित्र मनाने मागच्या आवाजाला जोडून दिलेले असते. ते खोटे बोलत नाहीत. आवाज इतका चित्रमय होता की स्मृतीने त्याला पडदा पुरविला, आणि माझ्या मते त्या निवेदकाच्या सामर्थ्याची याहून चांगली साक्ष नाही. परंतु ती साक्ष सामर्थ्याची आहे, सालाची नव्हे.

सर्वांत अधिक वेळ घेतला तो एका आख्यायिकेने. १५ मार्च १९७५ रोजी कुआलालंपूर येथे विश्वचषक हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानचा २–१ असा पराभव केला. सुरजितसिंग आणि अशोककुमार यांचे गोल देशाने आकाशवाणीवरून ऐकले, आणि जसदेवसिंग हे नाव त्या दिवसापासून घरोघरी झाले. हे वर्णन ऐकण्यासाठी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी संसदेचे कामकाज थांबविले, असे सांगितले जाते. कथा मोहक आहे, आणि मोहक असल्यामुळेच ती एका लेखातून दुसऱ्या लेखात निर्वेध फिरत राहिली. पंचांग उघडले तर तो दिवस शनिवार निघतो, आणि शनिवारी लोकसभेची बैठक सहसा नसते. शिवाय सभागृह तहकूब करणे हा अध्यक्षांचा अधिकार आहे, पंतप्रधानांचा नव्हे. एवढ्यावरून कथा सर्वस्वी निराधार ठरते असे मी म्हणणार नाही: कदाचित ती आधीच्या एखाद्या सामन्याची असेल, कदाचित सभागृहाबाहेरच्या एखाद्या दालनातील प्रसंगाला पुढे सभागृहाचे रूप आले असेल. पण संसदेच्या प्रत्येक बैठकीचा वृत्तांत छापील स्वरूपात असतो, आणि तहकुबीची नोंद त्यात झाल्यावाचून राहत नाही. त्या वृत्तांतातील पान दाखविता येईपर्यंत कथा मसुद्याबाहेर राहील, असा शेरा मी समासात लिहिला.

याच्या उलट, एक विधान केवळ जसदेवसिंग यांच्या शब्दावर मी ठेवले. ३१ जानेवारी १९४८ रोजी महात्माजींच्या अंत्ययात्रेचे मेलव्हिल डिमेलो यांनी इंग्रजीतून केलेले प्रदीर्घ वर्णन ऐकून, आपण हिंदीत असे बोलू, असा संकल्प त्यांनी केला होता. अंत्ययात्रा आणि डिमेलो यांचे प्रक्षेपण ही इतिहासाची गोष्ट; पण ऐकणाऱ्या तरुणाच्या अंतःकरणात काय घडले याला दुसरा साक्षीदार असूच शकत नाही. माणूस स्वतःच्या जन्मतारखेचा ऐकीव साक्षीदार असतो, आणि स्वतःच्या संकल्पाचा एकमेव. हा भेद ज्याला करता येत नाही, त्याने चरित्राच्या तपासणीला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकाशवाणीची कार्यक्रमपत्रिका या कामी उपयोगी पडते, पण तिच्यात योजलेला कार्यक्रम छापलेला असतो, प्रत्यक्ष झालेला नव्हे. ऐनवेळी निवेदक बदलला तर पत्रिकेला त्याचा पत्ता नसतो. ध्वनिफितीही सगळ्या उरलेल्या नाहीत, कारण फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरली जाई. त्यामुळे खाजगी संग्रहांचे महत्त्व फार मोठे आहे. ज्यांच्या घरी जुन्या कार्यक्रमपत्रिका, श्रोत्यांच्या रोजनिश्या, सामन्यांची तारीखवार टिपणे किंवा घरी मुद्रित केलेल्या फिती असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला कळवावे, आणि देताना त्यावर तारीख व ठिकाण अवश्य लिहावे.