चालता चालता वजाबाकी

शंभरातून सात वजा करीत चालून पाहा: ९३, ८६, ७९... पाय आपोआप पडतात, कारण सवयीच्या हालचाली मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रे सांभाळतात. कंपवातात या केंद्रांना लागणारे डोपामीन कमी पडते. मग पाऊल लक्ष देऊन टाकावे लागते. त्यातच कोणी प्रश्न विचारला, की पावले आखूड होतात, तोल जाऊ शकतो. म्हणून 'चालताना बोलू नका' असा सल्ला पूर्वी देत. पण रस्त्यात हाक मारणाऱ्याला गप्प कोण करणार? बेल्जियम व नेदरलँड्समधील १२१ रुग्णांवरील चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. फिजिओथेरपिस्टच्या मदतीने सहा आठवडे सराव केल्यावर दोन्ही कामे एकत्र करतानाचा त्यांचा चालण्याचा वेग वाढला. पडण्याचा धोका वाढला नाही. गंमत म्हणजे, ही कामे निरनिराळी गिरवणाऱ्यांनाही जवळजवळ तेवढाच लाभ झाला!