फुजिमा कान्सुमा : तोक्योची तालीम, अमेरिकेतली शिकवणी

फेब्रुवारी 2023मध्ये फुजिमा कान्सुमा गेल्या, वयाच्या 104व्या वर्षी. ‘निहोन बुयो’ हे जपानचं अभिजात नृत्य त्यांनी उभा जन्म अमेरिकेत शिकवलं. परक्या मुलखात कला तगते ती सणासुदीच्या कार्यक्रमांवर नव्हे, कसून घेतलेल्या तालमीवर. त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेताना हेच ठळकपणे दिसतं.

त्यांचं मूळ नाव सुमाको हामागुची. जन्म 1918चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. वाढल्या लॉस एंजेलिसमध्ये. पक्कं शिक्षण घ्यायला त्या 1930च्या दशकात तोक्योला गेल्या, त्याही थेट सहावे ओनोए किकुगोरो या काबुकी नटश्रेष्ठाकडे. काबुकीत स्त्रीभूमिका पुरुषच करतात, जशा आपल्याकडे बालगंधर्व करत; किकुगोरोही त्या करत. ‘फुजी मुसुमे’ हे जुनं नृत्य किकुगोरोंनी 1937मध्ये नव्याने बसवलं. रंगमंचावर अवाढव्य बुंधा आणि वरून लोंबणारे निळ्या-जांभळ्या फुलांचे भलेमोठे घोस. त्यांच्यापुढे नर्तकी एवढीशी दिसे, जणू त्या फुलांतूनच उतरलेली.

निहोन बुयोची तालीम पायांपासून सुरू होते. गुडघे वाकलेले, कंबर खाली रोवलेली, पांढरे मोजे घातलेली पावलं जमिनीला घासत पुढे सरकवायची. चालताना डोकं वरखाली झालेलं चालत नाही. हातातल्या पंख्याच्या काड्यांत शिसं बसवलेलं असतं, म्हणून तो बोटांवर तोल साधून फिरतो. कान्सुमांनी नृत्याबरोबर अभिनय, गायन आणि शामिसेन या तंतुवाद्याचं वादनही शिकून घेतलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तोक्योत वाद्यं, केशभूषा, किमोनो नेसवणं, प्रत्येक कामाला वेगळा जाणकार मिळतो. समुद्रापार ते सगळं गुरूच्याच अंगावर पडतं.

1938मध्ये त्यांना फुजिमा घराण्याचं नाव मिळालं. असं नाव मिळालं की कलाकार ‘नातोरी’ होतो. त्याच सुमारास त्या लॉस एंजेलिसला परतल्या आणि लिटल तोक्यो वस्तीतल्या वडिलांच्या हॉटेलात त्यांनी वर्ग सुरू केला.

मग युद्ध आलं. 1942च्या फर्मानाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावली. सुमारे 1,20,000 माणसं छावण्यांत डांबली गेली. त्यांतली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक होती. कान्सुमांची रवानगी झाली आर्कान्सातल्या दलदलीच्या रोवर छावणीत. काटेरी तारांच्या आत, बराकींत त्यांनी शिकवणं चालू ठेवलं. इतर छावण्यांमध्ये जाऊन नृत्य करायची परवानगीही त्यांना मिळाली. ज्या वेळी जपानी असणं हाच गुन्हा ठरला होता, त्या वेळी तेच नृत्य उघडपणे करायला किती धैर्य लागलं असेल!

युद्धानंतर लिटल तोक्योत पुन्हा श्रीगणेशा. पुढची कित्येक दशकं मुली येत राहिल्या. आधी छावणीतून परतलेल्या घरांतल्या, मग त्यांच्या लेकी-नाती. काही जणींनी नातोरीचं नाव मिळवून स्वतः शिकवायला घेतलं. अमेरिकी सरकारने 1987मध्ये कान्सुमांना राष्ट्रीय वारसा शिष्यवृत्ती देऊन गौरवलं. छावण्यांबद्दल त्याच सरकारची माफी आली ती त्यानंतर वर्षभराने, 1988मध्ये. कान्सुमा तेव्हा सत्तरीच्या होत्या आणि त्यांचे वर्ग चालूच होते.