विश्लेषण : सूरजागडच्या गावांत मनाला आधार कोणाचा?

लोहखनिजाची खाण, नक्षलवादाची दहशत आणि दारू यांनी ढवळून निघालेल्या एटापल्ली तालुक्यात मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचणेच कठीण आहे. अशा ठिकाणी गावातल्याच माणसांना शिकवून मानसिक आरोग्याची पहिली फळी उभारता येते का? अमरावती, पेठ, गोवा आणि थेट हरारेचा अनुभव काय सांगतो?

सूरजागडमध्ये हा प्रश्न का महत्त्वाचा?

गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडची टेकडी माडिया गोंडांसाठी ठाकुरदेवाचे ठिकाण आहे. दर जानेवारीत येथे यात्रा भरते. याच टेकडीवर २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज वाहतुकीची सुमारे ८० वाहने जाळली. २०२१ पासून उत्खननाने पुन्हा वेग घेतला आणि २०२३ मध्ये वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली. रोजगार आणि रोख पैसा आला. त्यासोबत ट्रकच्या रांगा, धूळ, अपघात आणि गावागावांत खाणीवरून मतभेदही आले.

त्याआधीची काही दशके बंदुकीच्या सावटाखाली गेली. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी जिल्ह्यात अनेक ग्रामस्थांच्या हत्या केल्या. दुसऱ्या बाजूला पोलिसांच्या चौकशीची धास्ती होती. कोणाशी काय बोलावे, हाच जिवाशी गाठ घालणारा प्रश्न असलेल्या मुलखात ‘मन मोकळे करा’ हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही. मदतीची कोणतीही योजना येथे या अविश्वासापासूनच सुरू करावी लागेल.

सरकारी व्यवस्था कुठे कमी पडते?

कागदावर व्यवस्था आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून राबवला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मदतवाहिनीही आहे. पण एटापल्लीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटरवर आणि विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्याहीपुढे नागपूरला. एक फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि सोबत्याचेही भाडे. फोनवर मदत घ्यायची तर सिग्नल हवा आणि भाषाही. आयुष्यभर माडिया बोललेल्या म्हातारीला मराठी किंवा हिंदीत दुःख सांगायला लावणे म्हणजे निम्मे दुःख गाळून टाकणे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर राहतात. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीच्या २०१८ मधील अहवालानेही व्यसन आणि मानसिक आरोग्य यांची गणना आदिवासी भागांच्या दहा प्रमुख आरोग्य समस्यांत केली होती.

गावकऱ्यांनी दिलेला आधार खरेच उपयोगी पडतो?

पुरावा महाराष्ट्रातच आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवण्यात आला. तेथे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि सर्वांत वर मनोविकारतज्ज्ञ अशी उतरंड होती. नैराश्यग्रस्तांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील आदिवासीबहुल पेठ तालुक्यात पुण्यातील संस्थेने ‘आत्मीयता’ हा उपक्रम आखला. लोक ज्यांच्याकडे आपणहून जातात अशा गावकऱ्यांना हेरून प्रशिक्षण देणे, हे त्याचे सूत्र. पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवण्यात आला.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचे समुपदेशन दिले. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांवरील अशाच चाचणीत फरक ३६ विरुद्ध २६ टक्के इतका, म्हणजे कमी होता. दारूपुढे नुसते बोलणे पुरत नाही, हा त्याचा धडा.

कृष्णवर्णीय वस्त्यांतील प्रयोगांशी याचा संबंध काय?

या विचाराला जगभर ओळख मिळाली ती झिम्बाब्वेच्या राजधानीतील एम्बारे या गरीब वस्तीतून. गाडीभाड्याला पैसे नसल्याने रुग्णालयात येऊ न शकलेल्या एका तरुणीने आत्महत्या केली आणि तिचे डॉक्टर डिक्सन चिबांडा हादरले. त्यांनी २००६ मध्ये १४ आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. ‘डिप्रेशन’ हा शब्द न वापरता या आज्या ‘कुफुंगिसीसा’ म्हणजे ‘फार विचार करणे’ या शोना भाषेतील शब्दाने सुरुवात करतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणे बाकावर आलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत, तर इतरांपैकी ५० टक्क्यांत उरली होती. अमेरिकेत ‘कन्फेस प्रोजेक्ट’ने कृष्णवर्णीय वस्त्यांतील केशकर्तनालयांत काम करणाऱ्यांना ऐकून घेण्याचे प्रशिक्षण दिले. सरकारी यंत्रणेवर विश्वास नसलेले लोक रोजच्या ओळखीच्या माणसाशी बोलतात, हे दोन्हीकडचे सूत्र. सूरजागडशी या वस्त्यांचे नाते आहे ते इथे.

गडचिरोलीत आधाराच्या जागा कोणत्या?

येथे संघटनेची परंपरा जुनी आहे. महिलांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. ‘सर्च’ने गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू कमी करून दाखवले, कमी शिकलेली बाईही आरोग्यदूत होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानात गाव संघटना, व्यसन उपचार शिबिरे आणि तालुका पातळीवरील क्लिनिक यांची सांगड घातली गेली. शिवाय पेसा आणि वनहक्क कायद्याने बळ दिलेल्या ग्रामसभा आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, गोटूल आहे.

पुजाऱ्याचे काय? झोप उडालेला, अंगात आल्यासारखा वागणारा माणूस प्रथम त्याच्याकडेच नेला जातो. त्याला वगळून काम होणार नाही. पण सारे त्याच्यावर सोडणेही धोक्याचे आहे. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातीलच बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून दोघांची हत्या झाली. मध्यममार्ग गुजरातमधील मीरा दातार दर्ग्याने दाखवला आहे. तेथे श्रद्धास्थानाच्या आवारातच औषधोपचारही मिळतो. ‘दवा आणि दुआ’ हे त्याचे नाव. पूजा चालू ठेवा, पण गोळीही घ्या, असे पुजारीच सांगू लागला तर वाट सोपी होते.

मर्यादा कोणत्या?

पहिली, तीव्र मनोविकार, अपस्मार किंवा दारू अचानक सोडल्यावर येणारा झटका यांना डॉक्टर आणि औषधच लागते. गावातला ऐकणारा म्हणजे डॉक्टरला पर्याय नव्हे. दुसरी, हे काम आशांवर आणखी एक ओझे म्हणून लादले तर ते नोंदवहीतच राहील. त्याला मोबदला आणि नियमित देखरेख हवी. तिसरी, गोपनीयता. पाच-पंचवीस घरांच्या टोल्यात गुपित टिकत नाही, आणि ज्याचा पोलीस, कंपनी वा कोणत्याही गटाशी संबंध मानला जातो त्याच्याकडे कोणी जाणार नाही. म्हणूनच माणसाची निवड वरून नव्हे, तर ग्रामसभेने करायला हवी.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. जमीन, जंगल, अपघात आणि रोजगाराचे प्रश्न समुपदेशनाने सुटत नाहीत. ट्रकखाली मुलगा गेलेल्या आईला आधार हवा, तसा सुरक्षित रस्ता आणि भरपाईही हवी. हक्काच्या मागणीवर ‘ताणतणावा’चे लेबल लावले गेले, तर गावकरी या सेवेकडे पाठ फिरवतील.

पुढे काय करता येईल?

सुरुवातीला मोठ्या इमारतीची गरज नाही. माडिया बोलणारे दोन-तीन निवडक ऐकणारे प्रत्येक गावात, त्यांना दर आठवड्याला सल्ला देणारा एक समुपदेशक तालुक्याला आणि ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारा मनोविकारतज्ज्ञ, अशी साखळी अमरावतीत चालली आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित भागाच्या आरोग्यासाठी वापरता येतो. खाणीतून आलेल्या पैशाचा काही भाग खाणीलगतच्या माणसांच्या मनासाठी खर्च व्हावा, ही मागणी अवास्तव नाही. तो कसा खर्च व्हावा हे ठरवताना ग्रामसभेचा शब्द चालतो की नाही, यावर या व्यवस्थेचे यशापयश ठरेल.