स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांची मासिक बैठक

मायदेश सोडून परक्या देशात स्थायिक झालेले समाज तेथे आपल्या भाषेत आणि आपल्या समाजासाठी जी वृत्तपत्रे चालवतात, त्यांना उत्तर अमेरिकेत ‘एथ्निक प्रेस’ या नावाने ओळखले जाते. या पत्रांच्या संपादक-प्रकाशकांचे शहरवार आणि प्रांतवार संघ आहेत, आणि त्यांच्या कामाचा गाडा वार्षिक समारंभांपेक्षा महिन्याकाठी भरणाऱ्या साध्या बैठकीवरच अधिक चालतो. मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे, कोषाध्यक्षाने जमाखर्च मांडणे, नव्या सभासदांचे अर्ज तपासणे, टपालाचे दर आणि सरकारी जाहिराती यांवर चर्चा करणे, हा तिचा क्रम कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या माणसाला ओळखीचा वाटेल असाच असतो. तरीही ही बैठक अभ्यासाचा विषय ठरते, कारण तेथे बसणाऱ्यांची भाषा एक नसते, धर्म एक नसतो आणि त्यांचे मायदेश कित्येकदा एकमेकांशी लढलेले असतात. अशा माणसांना दरमहा एकत्र येण्याची गरज का भासली, याचे उत्तर या पत्रांच्या इतिहासात आहे: सरकार आणि जाहिरातदार या दोन सत्तांनी या पत्रांना एकेकटे गाठले, तेव्हा त्यांना आपले म्हणणे राखता आले नाही.

या पत्रांचे अर्थकारण प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मोठ्या शहरांतील काही पत्रांचा खप प्रचंड होता; न्यूयॉर्कमध्ये १८९७ मध्ये निघालेल्या ‘फॉरवर्ड्स’ या यिडिश दैनिकाने, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेतील पत्राने, भरभराटीच्या काळात दोन लाखांचा टप्पा ओलांडला होता. बहुसंख्य पत्रे मात्र एका कुटुंबाच्या बळावर चालणारी साप्ताहिके होती, ज्यांत अग्रलेख लिहिणारा माणूसच वर्गणी गोळा करी, जाहिराती मिळवी आणि अंकांवर पत्ते घालून ते टपालात टाकी. वर्गणीचा पैसा उशिरा येई, पुष्कळदा येतही नसे. म्हणून जहाजाची तिकिटे विकणारे दलाल, मायदेशी पैसे पाठवणाऱ्या पेढ्या आणि औषधांचे कारखाने यांच्या जाहिरातींवर अंकाचा खर्च निघे. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इमिग्रंट प्रेस अँड इट्स कंट्रोल’ या ग्रंथात या पत्रांचा पहिला मोठा अभ्यास मांडला. परभाषेतील ही पत्रे स्थलांतरिताला नव्या देशापासून तोडतात असा तेव्हा सर्वत्र समज होता. उलट नव्या देशाचे कायदे, निवडणुका, कारखाने आणि चालीरीती त्याला समजतील अशा भाषेत सांगून ती त्याला त्या देशात रुजायला मदत करतात, हे पार्क यांनी दाखवले. ग्रंथाच्या नावातच ‘नियंत्रण’ हा शब्द आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण ही पत्रे कोणाच्या मुठीत असावीत हाच त्या काळच्या राज्यकर्त्यांपुढचा प्रश्न होता.

कॅनडातील विनिपेग हे शहर हा सारा इतिहास एका ठिकाणी दाखवते. १८७० च्या दशकात आइसलँडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांनी विनिपेग सरोवराच्या काठी ‘न्यू आइसलँड’ ही वस्ती वसवली. देवीच्या साथीने ती वस्ती नुकतीच होरपळून निघाली असताना, १८७७ मध्ये, या वसाहतकऱ्यांनी भाग विकून मुद्रणमंडळी उभी केली आणि ‘फ्रामफारी’ हे पत्र सुरू केले. ते १८८० पर्यंतच टिकले. पण धान्य आणि निवारा यांची भ्रांत असलेल्या समाजाने छापखान्याला दिलेले हे महत्त्व असाधारण आहे, आणि पुढे शहरात जे घडले त्याचे बीज तेथे आहे. १८८६ मध्ये ‘हेमस्क्रिंग्ला’ आणि १८८८ मध्ये ‘लोगबर्ग’ ही दोन आइसलँडिक साप्ताहिके विनिपेगमध्ये निघाली. पहिले राजकारणात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे आणि धर्मात युनिटेरियन पंथाकडे झुकलेले, तर दुसरे लिबरल पक्षाचे आणि लुथरन पंथाचे होते, आणि त्यांचे वाद कित्येक दशके चालले. अखेर १९५९ मध्ये दोन्ही एक झाली. जर्मन ‘डेर नॉर्डवेस्टेन’ १८८९ पासून, युक्रेनी ‘कॅनेडियन फार्मर’ १९०३ पासून, ‘युक्रेनियन व्हॉइस’ १९१० पासून आणि पोलिश ‘चास’ १९१५ पासून याच शहरात छापले जाऊ लागले. यांपैकी ‘कॅनेडियन फार्मर’ला लिबरल पक्षाच्या पाठबळाने जन्म मिळाला होता, म्हणजे मतदार म्हणून स्थलांतरिताची किंमत ओळखणाऱ्या पक्षांनी पत्रांत शिरकाव फार लवकर केला होता.

सरकारचा हात याहून जड होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९१८ मध्ये, कॅनडाच्या सरकारने ‘शत्रूच्या भाषा’ ठरवलेल्या भाषांतील प्रकाशनांवर बंदी घातली, आणि त्या यादीत जर्मन व हंगेरियन यांच्याबरोबर युक्रेनी, रशियन, फिनिश आणि एस्टोनियन याही भाषा होत्या. उल्लंघनाला पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा होती. एखाद्या लेखातील मजकुरासाठी नव्हे, तर तो लिहिला गेलेल्या भाषेसाठी पत्र गुन्हेगार ठरावे, ही गोष्ट कितीही युद्धकालीन मानली तरी समर्थनीय ठरत नाही.

अमेरिकेत वाट थोडी वेगळी होती. ६ ऑक्टोबर १९१७ च्या ‘शत्रूशी व्यापार’ कायद्याने परभाषेतील प्रत्येक पत्रावर असे बंधन घातले, की सरकारविषयी किंवा युद्धाविषयी काहीही छापायचे असल्यास त्याचे शपथेवर केलेले इंग्रजी भाषांतर आधी स्थानिक पोस्टमास्तरकडे दाखल करावे, आणि छापील मजकुराच्या डोक्यावर, भाषांतर कोणत्या गावच्या पोस्टमास्तरकडे व कोणत्या तारखेला दिले, ती ओळ इंग्रजीत छापावी. सरकारकडून परवाना मिळालेल्या पत्रांना यातून सूट होती. नियम कागदावर सौम्य दिसतो. परंतु दोन माणसांच्या छापखान्यात दर बातमीमागे भाषांतर, शपथपत्र आणि टपाल कचेरीची फेरी म्हणजे अंक वेळेवर न निघणे, आणि सूट मिळवायची तर सरकारला न रुचणारे काही न छापणे, असा त्याचा अर्थ होई. याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हिंदुस्थानी क्रांतिकारकांवर खटला चालू होता. तेथून १ नोव्हेंबर १९१३ ला प्रथम उर्दूत आणि मग गुरुमुखीत निघालेले ‘गदर’ हे साप्ताहिक स्थलांतरितांच्या पत्रांपैकीच एक होते, आणि त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींत तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे मराठी तरुण होते. पिंगळे यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली.

जाहिरातदाराची सत्ता किती दूर पोहोचते, हे लुई हॅमरलिंग यांच्या उदाहरणावरून समजते. तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतातून आलेल्या या गृहस्थाने १९०८ मध्ये ‘परभाषी वृत्तपत्रांचा अमेरिकन संघ’ काढला. नाव संघाचे असले तरी ती प्रत्यक्षात जाहिरातींची दलाली करणारी कंपनी होती: मोठ्या कारखानदारांच्या, मद्य-उत्पादकांच्या आणि रिपब्लिकन पक्षाच्या जाहिराती एकत्र घेऊन त्या शेकडो पत्रांना वाटायच्या आणि त्या ओघात पत्रांच्या धोरणावर वजन टाकायचे, असा तिचा व्यवहार होता. एप्रिल १९१५ मध्ये, अमेरिकी कामगारांनी युद्धसाहित्य बनवू नये, असे अनेक परभाषी संपादकांच्या सह्यांचे आवाहन इंग्रजी दैनिकांत पानभर जाहिरातीच्या रूपाने झळकले. त्यामागचा पैसा जर्मन बाजूचा असल्याचे पुढे सेनेटच्या उपसमितीच्या चौकशीत उघड झाले. या संघात संपादक सभासद म्हणून बसून हिशेब विचारत नव्हते, ठराव करत नव्हते. मालकाकडून आलेल्या जाहिराती छापत होते. मासिक बैठकीतील जमाखर्चाचे कंटाळवाणे वाचन किती मोलाचे असते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसरे कशानेही कळत नाही.

विनिपेगमधील निरनिराळ्या भाषांच्या संपादकांनी १९४२ मध्ये ‘कॅनडा प्रेस क्लब’ स्थापन केला, तेव्हा हा सारा अनुभव मागे होता आणि दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. १९४० मध्ये युक्रेनी डाव्यांची संघटना आणि तिचे पत्र बंद करण्यात आले होते. सरकारला स्थलांतरितांचा पाठिंबाही हवा होता आणि त्यांच्यावर नजरही ठेवायची होती, म्हणून युद्धसेवा खात्यात त्यासाठी ‘नॅशनॅलिटीज ब्रँच’ ही स्वतंत्र शाखा उघडली गेली होती. युद्धानंतर हेच काम नागरिकत्व शाखेकडे गेले आणि परभाषी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश सरकारसाठी नियमित तयार होऊ लागले. संपादकाला वाचक नेहमीच हवा असतो, पण या वाचकाच्या हाती परवाने, टपाल-सवलती आणि नागरिकत्वाचे अर्ज होते. अशा वाचकाशी एकट्याने बोलण्यापेक्षा संघाच्या नावाने, ठराव करून बोलणे शहाणपणाचे होते.

हे एकत्र येणे सोपे नव्हते. १९१८-१९ मध्ये ल्विव शहरासाठी पोलिश आणि युक्रेनी लढले होते, आणि त्या रक्ताची आठवण दोन्हीकडच्या पत्रांत ताजी होती. जर्मन पत्राकडे संशयाने पाहिले जात होते. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर व्हँकुव्हरमधील जपानी भाषेची पत्रे बंद पाडण्यात आली आणि १९३८ मध्ये निघालेले ‘द न्यू कॅनेडियन’ हे एकच जपानी-कॅनेडियन पत्र सेन्सॉरच्या देखरेखीखाली चालू राहिले. जपानी समाज किनाऱ्यावरून हाकलला गेला तसे हे पत्रही त्याच्यामागोमाग डोंगरातील कॅस्लो या गावी गेले, आणि १९४५ मध्ये विनिपेगला येऊन पोहोचले. थॉमस शोयामा हे त्याचे संपादक होते, जे पुढे कॅनडाच्या अर्थखात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी झाले.

अशा संघांच्या बैठकीला काही अलिखित संकेत असतात आणि ते या पार्श्वभूमीवरच समजतात. कामकाज इंग्रजीत चालते, कारण ती बहुतेकांची शिकलेली भाषा असल्याने कोणालाही घरचा फायदा मिळत नाही. मायदेशातील वाद विषयपत्रिकेवर येत नाहीत. ते ज्याने त्याने आपल्या अंकात लढावेत असे मानले जाते. सभासदत्वाच्या अर्जासोबत मागील अंक मागवले जातात, पत्र ठरल्या वेळी निघते का आणि त्यातील किती मजकूर स्वतःचा आहे हे पाहिले जाते, कारण निवडणुकीपुरते निघून जाहिराती खाऊन गायब होणारे पत्र सर्वांचीच पत घालवते. पाहुणे म्हणून मंत्री, उमेदवार आणि परराष्ट्रांचे वकील येतात; या मंडळींना एका संध्याकाळी अनेक समाजांपर्यंत पोहोचायचे असते, आणि एकट्या साप्ताहिकाला ज्यांच्याकडे भेटीची वेळ मिळणार नाही त्यांना संपादक येथे समोरासमोर प्रश्न विचारू शकतात. हा सौदा दोन्ही बाजूंना उपयोगी आहे. मात्र पाहुण्याचे भाषण लांबून प्रश्नांची वेळ संपली की तो एकतर्फी होतो, आणि चांगला अध्यक्ष ओळखायचा तो याच ठिकाणी.

प्रांतोप्रांतीचे संघ मिळून १९५८ मध्ये ‘कॅनडा एथ्निक प्रेस फेडरेशन’ उभे राहिले. १९६३ मध्ये इंग्रजी-फ्रेंच प्रश्नासाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे, देश दोनच समाजांचा नाही ही बाजू युक्रेनी आणि इतर समाजांनी नेटाने मांडली, आणि ८ ऑक्टोबर १९७१ ला पंतप्रधान पिअर ट्रुडो यांनी बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले. त्या वादाची रणभूमी बऱ्याच अंशी हीच पत्रे होती. १९७४ मध्ये विनिपेगच्या क्लबने मॅनिटोबा प्रांतातील बहुभाषिक पत्रांचा इतिहास पुस्तकरूपाने काढला, आणि कित्येक बंद पडलेल्या पत्रांची ओळख आज त्यामुळे शिल्लक आहे. टोरांटोहून निघू लागलेले ‘एकता’ हे उत्तर अमेरिकेतील मराठी त्रैमासिक १९७१ नंतरच्या या बदललेल्या हवेतले.

आज छापखान्याची जागा संगणकाने घेतली असली तरी दोन सत्ता कायम आहेत, फक्त जाहिरातदाराच्या जागी आंतरजालावरील कंपन्या आल्या आहेत. जून २०२३ मध्ये कॅनडाने, बातम्यांच्या दुव्यांबद्दल या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा असा कायदा केला. ऑगस्टपासून मेटा कंपनीने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅनडातील बातम्या दाखवणेच थांबवले, आणि ज्या लहान पत्रांचे वाचक मुख्यतः तेथूनच येत, त्यांचा वाचकांशी संबंध तुटला. गुगलने वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. पात्रतेसाठी पत्राकडे किमान दोन पत्रकार नियमित कामावर हवेत, मात्र पत्राचे मालक आणि त्यांचे नातेवाईकही त्यांत मोजता येतात, ही तरतूद कुटुंबाच्या बळावर चालणाऱ्या पत्रांना फार मोलाची आहे. वाटा मात्र पत्रकारांच्या कामाच्या तासांच्या प्रमाणात ठरतो, म्हणून स्वतः लिहिणाऱ्या, जाहिरात आणणाऱ्या आणि अंक वाटणाऱ्या संपादकाचे कोणते तास पत्रकारितेचे धरायचे, याचा निर्णय आणि त्याची नोंद ठेवण्याची रीत आता या संघांना आपल्या सभासदांसाठी बसवून द्यायची आहे.