मधल्या फळींतला गडी

फुटबॉलच्या सामन्यांत गोल मारणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. पण दोन फळ्यांच्या मध्यें राहून प्रतिपक्षाचा चेंडू अडविणारा आणि तो पुढें पोंचविणारा गडी बहुधा अनामच राहतो. त्यांतून तो पोर्तुगालच्या खालच्या विभागांत खेळणारा असला, म्हणजे विचारूंच नये! त्या देशांत वरच्या दोनच विभागांतील स्पर्धा व्यावसायिक गणल्या जातात. त्याखालची पायरी आली, कीं लहान गांवांचीं मैदानें आणि बेताचें वेतन. बहुतेकांची कारकीर्द तेथेंच संपते.

कॉश्तीन्या या नांवानें ओळखला जाणारा गडी याच वाटेनें वर आला. जन्म लिस्बन येथें, १९७४ सालीं. ऐन विशींत तो मदेइरा बेटावरील माशीकु या लहानशा संघांत, व पुढें तेथल्याच नासिओनाल संघांत खेळला. १९९७ मध्यें मोनॅकोनें त्यास घेतलें. २००० सालीं तो संघ फ्रान्सचा विजेता झाला. २००१ मध्यें तो स्वदेशीं, पोर्टो संघांत आला.

९ मार्च २००४ रोजीं मँचेस्टर येथें सामना संपत आला होता, आणि पोर्टो युरोपच्या स्पर्धेंतून बाद होण्याच्या बेतांत होता. इतक्यांत एक फटका गोलरक्षकाच्या हातून सुटला, आणि धांवत आलेल्या कॉश्तीन्यानें चेंडू जाळ्यांत लोटला. अडविणें हें ज्याचें काम, तो त्या क्षणीं तेथें कसा? चेंडू कोठें पडेल हें आधीं ओळखणें, हाच तर मधल्या गड्याचा धंदा! २६ मे रोजीं पोर्टोनें अंतिम सामना ३–० असा जिंकला. हरलेला संघ होता मोनॅको.