अकरा महिने झोपणारी मोटर

कोल्हापूर जिल्ह्यात नदी चढायला लागली की काठावरच्या गावांत पहिली धांदल उडते ती मोटरींची. उसाला पाणी पाजणाऱ्या पंपांच्या मोटरी शेतकरी रात्री-अपरात्री बांबू-दोर लावून वर ओढतात. उशीर झाला तर मोटर पाण्याखाली आणि रिवाइंडिंगचा खर्च डोक्यावर. नेमक्या त्याच दिवसांत दुसऱ्या एका जातीची मोटर गोदामातून बाहेर निघते आणि पाण्यात उतरते. रबरी बोटीच्या मागच्या फळीला शिकंज्यांनी आवळलेली, वर प्लॅस्टिकची टोपी, खाली तीन पात्यांचा पंखा. एनडीआरएफचे जवान तिला ओबीएम म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पावसाळ्यांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली कितीतरी गावं तेव्हा बोटींवर अवलंबून होती. त्याआधीच्या पिढ्यांनी गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडून माणसं हलवली आहेत, आणि काहिलीचा एक मोठा गुण असा की ती कधी बंद पडत नाही. मोटर पडते. म्हणून तर पूर ओसरला की ग्रामपंचायतीत, तरुण मंडळांत आणि स्वयंसेवकांच्या पथकांत एकच प्रश्न निघतो: कोणत्या कंपनीची घ्यावी? यामाहा, सुझुकी, तोहात्सू, होंडा, मर्क्युरी ही नावं पुढे येतात, प्रत्येकाचा कुणीतरी वकील असतो, आणि चर्चा मोटरसायकलच्या अंगानं जाते.

पण मोटरसायकल आणि ही मोटर यांत एक मजेशीर फरक आहे. हिचं इंजिन चक्क उभं आहे. आपल्या ओळखीच्या बहुतेक इंजिनांत क्रँकशाफ्ट आडवी असते. इथे ती खांबासारखी उभी, त्यामुळे पिस्टन आडवे धावतात. क्रँकच्या खालच्या टोकाला एक लांब दांडा जोडलेला असतो. तो पाण्यात उतरतो आणि तळाशी काटकोनात वळण घेतो. उभं फिरणं तिथे आडवं होतं, आणि ही करामत करणारा गिअर माणसाच्या मुठीत मावेल एवढा असतो. उभ्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक. त्याच्या पुढे एक आणि मागे एक अशी दोन मोठी चाकं. ती दोन्ही सतत, पण एकमेकांच्या उलट दिशेनं फिरत असतात. मधली सरकती कडी पुढच्या चाकात अडकवली की बोट एका दिशेला जाते, मागच्यात अडकवली की उलट. कुठेच न अडकवता मध्ये ठेवली तर न्यूट्रल. क्लच प्लेटा नाहीत, बेल्ट नाही. आणि हे सगळं गढूळ पाण्यात बुडालेलं, दोन-चार रबरी सीलांच्या भरवशावर.

धुराची वाट तर मला सगळ्यांत आवडते. बहुतेक मोटरींत धूर वर सोडतच नाहीत. तो पायातून खाली नेतात आणि पंख्याच्या पोकळ बुंध्यातून पाण्यात सोडतात. नदीच आवाज गिळते. इंजिन थंड करण्याचं कामही नदीकडेच आहे. रेडिएटर नाही, कूलंट नाही. पायाच्या बाजूला बारीक खाचा असतात, तिथून पाणी आत शिरतं, वर इंजिनभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. त्यातली थोडी धार मुद्दाम मागच्या बाजूनं दिसेल अशी उडवलेली असते. बोट चालवणाऱ्याची अर्धी नजर त्या पिचकारीवर हवी. ती उडते आहे तोवर सगळं ठीक.

हे पाणी वर चढवणारं चाक रबराचं असतं. इंपेलर हा शब्द कोल्हापूरच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. मात्र त्याच्या पंपातला इंपेलर लोखंडी किंवा पितळी असतो आणि सुरुवातीला पंपात पाणी भरावं लागतं. इथला रबरी इंपेलर थोड्या एका बाजूला सरकलेल्या डबीत बसवलेला असतो. त्याची पाती एका बाजूला दुमडतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात आणि त्या हालचालीनं स्वतःच पाणी ओढून घेतात. इंजिनाचा वेग वाढला की पाण्याच्या दाबानं पाती आत झुकतात, डबीच्या भिंतीला नीट टेकत नाहीत, आणि तोच पंप शेतातल्या पंपासारखा पाणी भिरकावून वागायला लागतो. एकाच रबरी चाकात दोन प्रकारचे पंप! किंमत पाहाल तर सगळ्या मोटरीपुढे ती किरकोळ. पण पाण्याबाहेर मोटर सुरू करून हौसेनं रेझ केली तर ते थोडक्यात जळतं, आणि मग लाखांची मोटर नदीच्या मधोमध तापून बसते.

या यंत्राची जन्मकथा आइस्क्रीमची आहे. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेला मेकॅनिक. उन्हाळ्याच्या एका सहलीत बेस नावाच्या मैत्रिणीसाठी तो तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला होडी वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, अशी गोष्ट सांगतात. बेसशी त्याचं लग्न झालं. १९०९ मध्ये त्यानं विकायला काढलेली मोटर दीड अश्वशक्तीची आणि ६२ पौंडांची, म्हणजे सुमारे २८ किलोंची होती. आज ४० अश्वशक्तीची साधी टू-स्ट्रोक मोटर सत्तर-पंचाहत्तर किलोंत येते. एका अश्वशक्तीमागे तेव्हा १८-१९ किलो लोखंड उचलावं लागायचं, आता दोन किलोही नाही. एव्हिनरूडनंतरच्या वर्षी, १९१० मध्ये, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. पुढे या सगळ्या पट्ट्यात इंजिन, पंप आणि ओतकाम मुरलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिराला आउटबोर्ड उघडून दिली तर तो बिचकणार नाही, हे मी पैजेवर सांगेन.

आता कंपन्यांकडे वळू. मर्क्युरीची सुरुवातच नादुरुस्त मोटरींतून झाली. १९३९ मध्ये कार्ल कीकहाफर यानं विस्कॉन्सिनमधला एक कारखाना घेतला, तिथे ग्राहकानं नाकारलेल्या शेकडो आउटबोर्ड मोटरी पडून होत्या. त्यानं त्या सुधारून परत विकल्या आणि धंदा तिकडेच वळला. याच माणसानं १९५७ मध्ये फ्लोरिडातल्या एका आडबाजूच्या तळ्यावर गुप्त चाचणी केंद्र काढलं, त्याला लेक एक्स म्हणत. तिथे मोटर न थांबवता, चालत्या बोटीत इंधन भरत आणि चालक बदलत, रात्रंदिवस सुमारे २५ हजार मैल बोट पळवली गेली. टिकाऊपणाचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

इथेच कोल्हापूरचा प्रश्न वेगळा होतो. आपल्याला कधीच न थांबणारी मोटर नको आहे. आपल्याला अकरा महिने थांबलेली आणि ऑगस्टमधल्या एका रात्री दोन वाजता दोरीच्या तिसऱ्या ओढीला सुरू होणारी मोटर हवी आहे. मालवणच्या मच्छीमाराची मोटर रोज समुद्रात जाते. खारं पाणी तिला खातं, पण ती रोज धुतली जाते, रोज तिचा आवाज कुणीतरी ऐकतो. २०१८ च्या पुरात केरळचे मच्छीमार स्वतःच्या होड्या ट्रकवर घालून आले आणि हजारो लोकांना बाहेर काढू शकले, त्यातलं एक कारण हेही होतं की त्या मोटरी आदल्या दिवसापर्यंत कामावर होत्या. पुरासाठी राखून ठेवलेली मोटर मात्र झोपूनच बिघडते.

झोपेत काय होतं? टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं, जेटची सुईएवढी भोकं त्यानं बुजतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. गंमत अशी की त्यातलं काही आपल्याच उसाच्या पट्ट्यातून येतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होऊन बसतात. इंजिनाला पहिला घोट तोच मिळतो. रबरी इंपेलरची पाती एकाच बाजूला दुमडलेली राहून तशीच कडक होतात. बटनस्टार्ट मोटर असेल तर बॅटरी उतरते, आणि पुरात गावाची वीज गेलेली असते तेव्हा ती चार्ज करायची कुठे? यातल्या एकाही दुखण्यावर टोपीवरच्या नावाचा इलाज नाही.

मग ब्रँडला काहीच अर्थ नाही का? आहे, पण वेगळा. एक म्हणजे टोपीवरचं नाव आणि आतलं इंजिन यांचं लग्न लागलेलंच असतं असं नाही. मर्क्युरीच्या नावानं विकल्या गेलेल्या कित्येक लहान मोटरी जपानच्या तोहात्सूनं बनवलेल्या आहेत. १९८८ पासून दोघांचा भागीदारीतला कारखाना आहे. निसान नावाच्या आउटबोर्डही तोहात्सूच्याच असत. उलट मोठ्या ताकदीच्या काही तोहात्सू मोटरी होंडाच्या कारखान्यातल्या. तेव्हा पारावर दोन गट तावातावानं भांडत असतील तर ते एकाच इंजिनाच्या दोन रंगांवरून भांडत असण्याची शक्यता आहे. दुसरं म्हणजे नाव जुनं म्हणून अमर नसतं. ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं त्या एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये मालक कंपनीनं बंद करून टाकलं. त्यामुळे खरा प्रश्न असा की इंपेलर, प्लग, सील आणि पंख्याच्या बुंध्यातलं रबर दोन दिवसांत हातात कोण देईल? ज्या कंपनीचा माल मालवण, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर भरपूर चालतो, तिचे सुटे भाग आणि तिचा मेकॅनिक घाट चढून आपल्यापर्यंत येऊ शकतो. यामाहाची एंड्युरो ही साधी, जाड हाडांची मालिका मच्छीमारांसाठीच बनवलेली. ती जगभरच्या किनाऱ्यांवर चालते ते जाहिरातीमुळे नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा वाद थोडा गुंतागुंतीचा आहे. होंडानं १९६४ मध्ये आउटबोर्डमध्ये उतरताना फोर-स्ट्रोकच करायच्या असं ठरवलं, कारण पाण्यावर चालणाऱ्या यंत्रानं पाणी घाण करू नये. भूमिका चोख आहे. कार्ब्युरेटरवाली जुन्या पद्धतीची टू-स्ट्रोक पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त इंधन न जाळताच सोडून देते, म्हणूनच अमेरिका-युरोपातून ती जवळपास हद्दपार झाली. रोज तलावात फिरायला न्यायची बोट असेल तर फोर-स्ट्रोकच घ्यावी, यात मला शंका नाही. पुराच्या मोटरीचा हिशेब मात्र निराळा आहे. टू-स्ट्रोक हलकी असते, दोघंजण उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकतात. फोर-स्ट्रोक आडवी ठेवायची तर ठरावीक कुशीवरच, नाहीतर तेल भलतीकडे जातं. बोट उलटून मोटर बुडाली तर टू-स्ट्रोकचे प्लग काढून, पाणी झटकून, जागच्या जागी तिला जिवंत करण्याची शक्यता बरी. वर्षाचे चार दिवस चालणाऱ्या यंत्रानं केलेलं प्रदूषण मी पोटात घालायला तयार आहे.

आपल्या पुराचं पाणीही पुस्तकातल्या पाण्यासारखं नसतं. बोट नदीतून कमी आणि शेतातून जास्त जाते. खाली उभा ऊस असतो, काटेरी तारा असतात, वर जलपर्णीचे गालिचे आणि उसाचा पाला तरंगत असतो. पाला पंख्याला गुंडाळतो, प्लॅस्टिकची पिशवी पाण्याच्या खाचांना चिकटते आणि पिचकारी थांबते. अशा वेळी मोटर लगेच बंद करून, वर उचलून हातानं साफ करायची. पंखा कशावर आपटला तर बुंध्यातलं रबर सटकतं किंवा मऊ धातूची पिन तुटते. गिअर वाचावेत म्हणून केलेली ती सोय आहे, तेव्हा जादा पंखा आणि पाना बोटीत हवेतच. फळीची उंचीही मोजून घ्यावी. १५ इंची आणि २० इंची पायाच्या मोटरी वेगळ्या असतात. आखूड पडली तर पंखा हवा पितो, लांब पडली तर ऊस कापत जातो. बोट एका निविदेत आणि मोटर दुसऱ्या निविदेत घेण्याच्या आपल्या पद्धतीत ही जोडी जुळणं हा नशिबाचा भाग होतो.

ताकदीचा मोहही आवरावा. मोटर ४० ची आहे म्हणून बोटीत दुप्पट माणसं मावत नाहीत. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. कोणत्याच कंपनीची मोटर बोटीची क्षमता वाढवत नाही. चालकाच्या मनगटाला अडकवायची ती लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन तत्क्षणी बंद होतं, ती मात्र प्रत्येक मोटरीबरोबर येते आणि बहुतेक वेळा टोपीला गुंडाळून ठेवलेली दिसते.

एखाद्या गावानं विचारलं तर मी सांगेन: आठ-दहा माणसांच्या रबरी बोटीला २५ ते ४० अश्वशक्तीची, दोरीनं सुरू होणारी टू-स्ट्रोक घ्या. यामाहा, सुझुकी, तोहात्सू यांतली जिचा मेकॅनिक जवळ, ती. मोठी मोटर न घेता वाचलेल्या पैशांतून दोन इंपेलर, प्लगचा जोड आणि एक मोठं पिंप घ्या. दर महिन्याला, आणि मे-जूनमध्ये दर आठवड्याला, पिंपात पाणी भरून मोटर त्यात उभी करा, दहा मिनिटं चालवा, पिचकारी पाहा. मग इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत तिला चालू द्या, आणि टाकीतलं उरलेलं पेट्रोल, त्यात ऑइल मिसळलेलं असतं हे लक्षात ठेवून, जुन्या टू-स्ट्रोक फवारणी पंपात ओता. दोरी ओढायला दर वेळी वेगळा गडी लावा, म्हणजे पुराच्या रात्री मोटर सुरू करता येणारा एकटा माणूसच गावाला गेलाय अशी वेळ येणार नाही.