उन्हाळी वर्ग परदेशात, पेरणी बुलढाण्यात

युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग उघडतात ते जूनमध्ये. त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा मृग लागलेला असतो आणि पेरणी, डवरणी, निंदणाची एकच घाई चालू असते. दोन ते आठ आठवड्यांच्या या वर्गांत पर्यावरण आणि शाश्वत विकास हे विषय आता हमखास असतात. माती, पाणी, हवामान बदल, सौरऊर्जा असे बरेच काही शिकवतात. कृषी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी शेतकऱ्यांची मुले-मुली त्याबद्दल ऐकतात आणि घरी विषय काढतात. मग ओट्यावर बसलेला आजा विचारतो, "पर्यावरण शिकाले तिकडं कायले जा लागते बाप्पा? इथं काय कमी हाय?"

आजाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी. चार-सहा आठवड्यांचा वर्ग त्यात बसत नाही. विद्यापीठाकडून सवलत मिळाली तर ठीक, नाहीतर शुल्क, विमानभाडे, राहणे-खाणे सगळे घरचे. ज्या दिवसांत बी-बियाणे आणि खताला पैसा कमी पडतो, नेमक्या त्याच दिवसांत हा खर्च येतो. तेव्हा जावे की न जावे एवढाच वाद घालून भागत नाही. जाणाऱ्याने इथून काय घेऊन जावे आणि परत काय आणावे, हे आधी ठरायला हवे.

पंधराचा आकडा

आपल्या जिल्ह्यात घाटावरचे दुखणे वेगळे आणि घाटाखालचे वेगळे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तो अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील गावांना त्याचा जाच आहे. विहिरीला पाणी आहे, पण ते पिकाला चालत नाही आणि माणसाला पिववत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी या भागात वर्षानुवर्षे आहेत. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली, ती याच कारणाने.

हे पाणी शेतात सोडले की जमीन बिघडते. पाण्यातला सोडियम चिकणमातीच्या कणांना जाऊन चिकटतो. कण फुगतात, सुटे होतात आणि मातीतली छिद्रे बुजतात. वर पाणी साचून राहते आणि वीतभर खाली माती कोरडी. अशी जमीन ओळखायची कशी? मातीच्या कणांना धरून असलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरेंमध्ये एकट्या सोडियमचा वाटा किती, ते पाहतात. हा वाटा शेकडा १५ च्या वर गेला की जमीन चोपण, असे माप अमेरिकेच्या कृषी खात्याच्या रिव्हरसाईड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ सालच्या आपल्या पुस्तिकेत घालून दिले. पुढे जगभर हेच माप शिकवले गेले.

आता खरी गोष्ट पुढे आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातील काळी माती तपासली, तेव्हा हे माप इथे लागू पडत नाही असे त्यांना दिसले. आपली काळी माती मुळातच फुगणारी. तिच्यात सोडियमचा वाटा शेकडा ५ च्या आसपास गेला तरी पाणी मुरणे मंदावते. म्हणजे परदेशी पुस्तकाप्रमाणे जी जमीन चांगली, ती आपल्या शेतकऱ्याच्या लेखी आधीच हातची गेलेली असते. "कागदावर जमीन चांगली हाय म्हणते, मंग पऱ्हाटी पिवळी काहून पडते?" या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच वेळा इथे सापडते.

उन्हाळी वर्गाला जाणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसेल तर तो पंधराचा आकडा पाठ करून परत येईल आणि आपल्याच बापाला तुमची जमीन चांगली आहे म्हणून सांगेल. ठाऊक असेल तर तो वर्गात हात वर करील आणि मास्तरांना दोन गोष्टी सांगेल.

डच जिप्सम, वऱ्हाडी माती

हॉलंडचे उदाहरण घ्या. तिथले वाखेनिंगेन विद्यापीठ शेती आणि पर्यावरणासाठी जगात नावाजलेले. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राचे बांध फुटले, शेतांत खारे पाणी शिरले आणि त्यात अठराशेवर माणसे दगावली. नंतर त्यांनी जमीन सुधारण्यासाठी जिप्सम वापरले. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला हटवतो. आपल्याकडेही खारपाणपट्ट्यात शास्त्रज्ञ जिप्समच सुचवतात.

मग फरक कुठे? त्यांच्याकडे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. सुटलेला सोडियम तो धुऊन काढतो आणि शेताखालच्या नळ्या व बांधाकडेचे चर ते पाणी बाहेर नेतात. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा, त्यातही खंड पडणारा. माती घट्ट आणि खारे पाणी बाहेर जायला वाट नाही. नुसती जिप्समची पोती आणून टाकली आणि निचरा केला नाही, तर सोडियम तिथेच राहतो.

पण खारपाणपट्ट्याच्या मातीचा एक गुणही आहे. पाणी मुरत नाही म्हणून शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागत नाही. पावसाचे गोडे पाणी त्यात टिकते आणि खंड पडला की पिकाला एक संरक्षित पाणी देता येते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ५,१४२ गावे घेतली होती. त्यांतली ९३२ खारपाणपट्ट्यातली होती. महामार्गाला लागणारा मुरूम आणि माती तलाव, नाले खोदून घ्यायची आणि त्यातच पाणी साठवायचे, हा 'बुलढाणा पॅटर्न' तर देशभर गेला. परदेशी वर्गात सांगण्यासारखे आपल्याजवळ एवढे आहे.

हॉलंडकडून आणण्यासारखी गोष्ट कोणती, असे विचाराल तर त्यांची पाण्याची मंडळे. तेराव्या शतकापासून गावोगावचे लोक एकत्र येऊन बांध आणि चर सांभाळतात. मंडळाची निवडणूक होते, मंडळ स्वतःचा कर लावते आणि हिशेब देते. आपल्याकडे सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा २००५ साली झाला. खारपाणपट्ट्यात चर खोदायचा तर तो चार जणांच्या शेतातून जातो. एकट्याने तो होत नाही. ही अडचण त्यांनी कशी सोडवली, ते पाहून यावे.

वर्ध्याचा माणूस

शिकायला बाहेर गेलेला आपल्याकडचा जुना माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. जन्म १८८४ चा. इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी ते देशाबाहेर पडले, गदर चळवळीत वावरले आणि त्याच काळात अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. पुढे मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले. पण तेवढ्यावर न थांबता गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसवला. पदवी घेऊन ते विद्यालयाच्या भिंतीआड बसले नाहीत. शिकलेले त्यांनी बांधावर नेले, म्हणून परका देश त्यांना विसरला नाही.

आणि शिकायला आपणच बाहेर जावे असे थोडेच आहे? लोणारचे विवर उल्कापाताने झाले, याचे पुरावे मांडणारा भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी ते लोक आपल्या मेहकर-लोणारच्या वाटेला आले होते. २०२० साली लोणार सरोवर रामसर यादीत गेले. परदेशात आपल्या जिल्ह्याचे नाव सांगताना एवढे तरी तोंडपाठ असावे.

निघण्याआधी

तेव्हा ज्यांच्या घरून कोणी जाणार असेल त्यांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, वर्गाचे श्रेयांक आपले विद्यापीठ धरते की नाही, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे. दुसरी, युरोपचा अल्पमुदतीचा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा असतो, त्याची तयारी वेळेत करावी. तिसरी, आपल्या शेताच्या मातीची आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. मृद आरोग्य पत्रिकेवर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळतात, सोडियमचा वाटा मिळत नाही. तो वेगळा तपासून मागावा. कुठे करता येईल, ते बुलढाणा किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. मातीची पुडी मात्र पेटीत घालू नये. युरोपात बाहेरची माती परवानगीशिवाय नेता येत नाही. आकडे आणि छायाचित्रे न्यावीत.

चौथी गोष्ट परत आल्यावरची. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी ग्रामसभेत अर्धा तास मागून घ्यावा. आपले आकडे तिकडच्या शिक्षकांना दाखवले तेव्हा ते काय म्हणाले, तिकडचे काय इथे चालेल आणि काय चालणार नाही, हे आपल्या बोलीत सांगावे. लोक उलटसुलट विचारतील, विचारू द्यावे. खर्च घरचा असला तरी त्या मुलाच्या वाटची डवरणी-निंदण कोणीतरी केलेले असते, आणि शेजारच्या शेतातले खारे पाणी बांध ओलांडताना कोणाचे नाव विचारत नाही.